पोटात बाळ, शेजारी गाठ

गरोदर बाईच्या पोटाकडे बघून अंदाज बांधायची आपल्या बायकांना भारी हौस. पोट टोकदार दिसलं की मुलगा, पसरट दिसलं की मुलगी. चौथ्या महिन्यातच सहाव्यासारखं दिसायला लागलं की "जुळं आहे वाटतं गं हिला!" ओटीभरणाला दहा जणी जमल्या तर त्यातल्या सहा जणी तरी हे शास्त्र कोळून प्यायलेल्या असतात. बाकीच्या चार माना डोलावतात. सगळं हसण्यावारी न्यायचं असतं, आपण नेतोही. पण एखादीच्या बाबतीत पोट मोठं दिसायचं कारण बाळ नसतं. किंवा नुसतं बाळ नसतं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १८०९ साली जेन टॉड क्रॉफर्ड नावाची एक बाई राहत होती. शेतकरी घरातली, चाळिशी ओलांडलेली, मुलाबाळांची आई. तिचं पोट वाढत चाललं. दिवस भरले, उलटून गेले, तरी बाळंतपण होईना. गावच्या डॉक्टरांना वाटलं, जुळं असणार. म्हणून त्यांनी डॅनव्हिल गावाहून एफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरला बोलावून घेतलं. त्यानं तपासलं तर गर्भपिशवी रिकामी. पोटात होती ती अंडाशयाची, म्हणजे ओव्हरीची, भली मोठी गाठ. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं की असं पोट उघडून आजवर कुणी वाचलेलं नाही, तुझी तयारी असेल तर मी करून बघतो, पण माझ्या गावाला यावं लागेल. ती बाई ऐन डिसेंबरच्या थंडीत घोड्यावर बसून साठेक मैल गेली. नाताळच्या दिवशी ऑपरेशन झालं. भूल द्यायची पद्धत तेव्हा निघायची होती, त्यामुळे ती शुद्धीवरच होती, तोंडानं देवाची गाणी म्हणत होती. पंचवीस मिनिटांत डॉक्टरनं गाठ बाहेर काढली. वजन भरलं दहा किलोच्या आसपास. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेला तर बाईसाहेब उठून स्वतःचं अंथरूण आवरत होत्या! त्यानंतर ती आणखी बत्तीस वर्षं जगली.

जेनच्या पोटात बाळ नव्हतंच, फक्त गाठ होती. पण दोन्ही एकाच वेळी असली तर? आमच्या महिला मंडळांच्या आरोग्य बैठकांत, इथं सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांबरोबर बसलं की हा प्रश्न हमखास येतो. "अक्का, पोटात बाळ असताना गाठ कशी होईल? आणि झालीच तर बाळ तिला खाईल का ती बाळाला?" प्रश्न वेडगळ नाही. शिकल्यासवरल्या घरांतही तो वेगळ्या शब्दांत विचारला जातो, एवढंच.

आधी थोडं शरीराबद्दल. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात, प्रत्येकी साधारण बदामाएवढी. दर महिन्याला त्यातलं एक बीज बाहेर टाकतं. दिवस राहिले की ज्या जागेतून बीज सुटलं, तिथं एक छोटी पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. ही आपली मित्र. वार, म्हणजे प्लासेंटा, कामाला लागेपर्यंत गर्भ टिकवायला लागणारं प्रोजेस्टेरॉन हीच गाठ पुरवते. काम संपलं की आठ-दहा आठवड्यांनंतर ती हळूहळू विरते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत "सिस्ट दिसतेय" असं डॉक्टर म्हणाले तर घाबरून जायचं काही कारण नाही. बहुतेकींची ती चौथ्या महिन्यापर्यंत दिसेनाशी होते. ज्या राहतात, वाढतात, त्यातल्याही बहुतेक साध्याच निघतात. काहींत तर केस आणि दातसुद्धा सापडतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तीही बहुधा निरुपद्रवी गाठच असते, तिला डर्मॉइड म्हणतात. राहून गेलेल्या शंभर गाठींत एखाद-दोन, फार तर चार-पाच कर्करोगाच्या असतात. सगळी गर्भारपणं धरली तर दहा हजारांत एक ते पन्नास हजारांत एक, इतकी ही गोष्ट दुर्मीळ. गरोदरपणात आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा हे अंडाशयाच्या पुढे आहेत.

मग एवढ्या दुर्मीळ गोष्टीवर सगळा लेख कशाला, असं वाटेल. सांगते. अंडाशयाचा कर्करोग हा मुळातच लबाड. पोट फुगल्यासारखं वाटणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, सारखी लघवीला जावंसं वाटणं, कंबर दुखणं, बद्धकोष्ठ, ही त्याची लक्षणं. आता मला सांगा, गरोदर बाईला यातलं काय होत नाही? एरवी चाळिशीतली बाई असली तर डॉक्टर निदान कान टवकारतात. गरोदर बाईला सासू, शेजारीण, आशाताई सगळ्या एकच सांगणार, "होतं गं असं, दिवसच तसे आहेत." आणि त्या चुकीच्याही नसतात, कारण बहुतेक वेळा दिवसच तसे असतात. लक्षणांवरून गाठ ओळखायची म्हटलं तर फार थोड्या जणींची ओळखता येईल. ती सापडते बाळासाठी केलेल्या सोनोग्राफीत.

ही सोनोग्राफी कधी केली याला फार महत्त्व आहे. सुरुवातीच्या तीन महिन्यांत गर्भपिशवी लहान असते, दोन्ही अंडाशयं नीट दिसतात. पुढे पिशवी वर चढते आणि त्यांना झाकून टाकते. सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी करणाऱ्या बाईचं बाळ छान दिसेल, अंडाशय दिसेलच असं नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत "तीन महिने कुणाला सांगू नये" म्हणून दवाखान्याचंही नाव काढत नाहीत. शेजारणीला सांगू नका हो, पण डॉक्टरला सांगायला काय हरकत आहे? दुसरी एक भीती कायद्याची. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिल्यांदा कायदा केला, पुढे १९९४ चा केंद्राचा कायदा आला, आणि ते अगदी योग्यच झालं. पण त्यामुळे काही बायकांची समजूत झाली आहे की सोनोग्राफी हेच काहीतरी गुन्ह्याचं काम. तसं नाही. तिथं फॉर्म भरून घेतात, तुमची सही घेतात, मुलगा की मुलगी एवढं विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. बाकी तपासणी हा तुमचा हक्क आहे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझेरियनसुद्धा मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची खास तपासणी होते, हेही लक्षात ठेवा.

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण बाळाचं वजन आणि तारीख बघतो आणि कागद पिशवीत टाकतो. त्यात खाली कुठेतरी 'ॲडनेक्सा' किंवा 'ओव्हरीज' असा शब्द असतो. त्यापुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. एवढा एकच प्रश्न. पहिल्या सोनोग्राफीत तो विचारला गेला तर पुढचं बरंचसं सोपं होतं.

गाठ दिसली, पुढे काय? डॉक्टर तिचा आकार बघतात, नुसतं पाणी आहे की आत घट्ट भाग आहे, आतून रक्तपुरवठा होतोय का, पोटात पाणी साठलंय का, हे बघतात. शंका असली तर एमआरआय करता येतो, त्यात किरणोत्सर्ग नसतो. फक्त गरोदरपणात तो शिरेतून रंगाचं औषध न देता करतात. पोटाचा सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. रक्ताच्या तपासण्यांबाबत मात्र एक गंमत आहे, जी घरोघरी नाहक रडारड घडवते. सीए १२५ नावाची एक तपासणी अंडाशयाच्या कर्करोगात वाढलेली दिसते. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला ती आपोआपच वाढते. एएफपी नावाची दुसरी तपासणी, तो पदार्थ तर बाळ स्वतःच तयार करतं. म्हणजे जे आकडे एरवी धोक्याचे, ते गरोदर बाईत नुसतेच बाळ असल्याचे असू शकतात. मोबाइलवर आकडा टाकून घरातल्या कॉलेजातल्या मुलानं निदान करायचं हे काम नाही.

एक गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी नाही. गाठ असलेलं अंडाशय कधी कधी स्वतःभोवती पीळ खातं, कपडा पिळतो तसं. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पोटाच्या एका बाजूला अचानक जीवघेणी कळ येते, बरोबर ओकाऱ्या. आपल्याकडे कळ आली की ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी, आणि "वायू धरलाय" हा ठरलेला निकाल. गाठ आहे हे ज्यांना आधीच सांगितलंय त्यांनी असली कळ आली तर रात्र आहे, रिक्षा मिळत नाही, सकाळी बघू, असं काही म्हणू नये. कितवाही महिना असो, त्याच दिवशी ऑपरेशन लागू शकतं.

पीळ बसला नाही आणि गाठ तशीच राहिली, मोठी होत गेली, तिचं रूप संशयास्पद असलं, तर ती काढावी लागते. त्याला एक ठराविक वेळ असते, आणि मला या लेखात सांगायचंय ते मुख्यतः हेच. चौथ्या महिन्याच्या मध्यापासून पाचव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत हा तो काळ. आधी का नाही? कारण बाळाचे अवयव तेव्हा घडत असतात, गर्भपाताचा धोका जास्त असतो आणि मघाशी सांगितलेली ती मित्र गाठ अजून कामावर असते. शिवाय विरणारी गाठ तोवर विरून जाते, ऑपरेशनच टळतं. नंतर का नाही? कारण पिशवी मोठी झाली की तिला धक्का न लावता अंडाशयापर्यंत पोचणं अवघड होतं, कळा सुरू होण्याची भीती वाढते. म्हणजे दार उघडं असतं ते साधारण दोन महिने.

आणि नेमके हेच दोन महिने आपल्या घरांत कुठे जातात, ते मी पाहत आले आहे. पहिले पंधरा दिवस रिपोर्ट खरा की खोटा यात जातात. मग पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या नातेवाइकाला फोटो पाठवायचा, त्याच्या ओळखीच्या कुणाला तरी दाखवायचा. मग कुणीतरी जडीबुटीवाला सुचवतं. मध्येच जानेवारी असला तर "सिद्धेश्वराचा गड्डा होऊन जाऊ दे, मग बघू." मग डोहाळजेवण. ते झाल्यावर एखादी मोठी बाई शांतपणे म्हणते, "आता इतकं झालंय तर बाळंतपण होऊनच जाऊ दे की!" यात कुणाच्या मनात वाईट नसतं. सगळ्यांना बाळ हवं असतं. पण गाठ वाईट असेल तर हे पाच महिने तिला बहाल केले जातात. बाळंतपणापर्यंत थांबावं की नाही हे डॉक्टर गाठीचं रूप बघून ठरवतात, आणि खूपदा ते स्वतःच "थांबू या" म्हणतात. ते थांबणं तारखा लिहून, पुन्हापुन्हा सोनोग्राफी करून असतं. घरच्यांचं थांबणं नुसतं डोळे मिटून.

याच्या अगदी उलटं टोकही असतं. कर्करोग हा शब्द कानावर पडायचा अवकाश, "पाडून टाका, आधी पोरीचा जीव वाचवा." माहेरची माणसं विशेषतः असं म्हणतात. त्यांची तगमग कळते. पण गर्भपात केल्यानं अंडाशयाचा कर्करोग बरा होत नाही, आणि गर्भ ठेवल्यानं तो चेकाळतो असंही आढळलेलं नाही. गरोदरपणात सापडणाऱ्या या कर्करोगांपैकी बरेच लवकरच्या टप्प्यात सापडतात, कारण सोनोग्राफी बाळासाठी झालेली असते. तरुण वयात होणारे काही प्रकार तर औषधांना चांगलेच दाद देतात. एकच अंडाशय काढायचं, दुसरं आणि गर्भपिशवी जागेवर ठेवायची, पोटातल्या पाण्याचे नमुने तपासायला द्यायचे, असं ऑपरेशन करता येतं आणि बाळ वाढत राहतं. एका अंडाशयावर पाळी नियमित येते, पुढचं मूलही होऊ शकतं. हे सगळ्यांना लागू नाही. रोग पोटभर पसरलेला आणि दिवस नुकतेच राहिलेले, अशा वेळी उपचार लांबवणं आईला परवडणारं नसतं, तेव्हा डॉक्टर गर्भपाताचा सल्ला देतात. तो निर्णय कुणाचा? कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासऱ्याची तर नाहीच.

किमोथेरपीचं नाव काढलं की बायका कानांवर हात ठेवतात. एवढं जहाल औषध, आणि पोटात बाळ? पहिल्या तीन महिन्यांत ते खरंच देत नाहीत, तेव्हा बाळाचा एकेक अवयव आकाराला येत असतो. त्यानंतर मात्र गरज पडली तर काही निवडक औषधं देता येतात. बाळंतपणाच्या साधारण तीन आठवडे आधी ती थांबवतात, कारण किमोनं रक्तातल्या पेशी खाली येतात आणि तशा अवस्थेत बाळंतपण आईला आणि बाळाला दोघांनाही जोखमीचं. बेल्जियममधल्या ल्यूवेनचे डॉ. फ्रेडरिक अमांत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईला गरोदरपणात कर्करोग झालेल्या १२९ मुलांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आला. त्यातल्या ९६ मुलांना आईच्या पोटात असताना किमोथेरपी मिळालेली होती. ही मुलं इतर मुलांच्या बरोबरीनं वाढत होती, त्यांची हृदयं ठीक होती, समज ठीक होती. मागे पडलेली दिसली ती मुदतीआधी जन्मलेली मुलं, आणि तशी ती कर्करोग नसलेल्या आयांचीही मागे पडतात. म्हणून आता डॉक्टर घाईनं सातव्या-आठव्या महिन्यात बाळ बाहेर काढण्याऐवजी, शक्य असेल तर सदतीस आठवडे गाठायचा प्रयत्न करतात. ही अगदी अलीकडची समज आहे. आपल्या आयांच्या काळात कुणी असं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आणि हो, तो "बाळ तिला खाईल का ती बाळाला" हा प्रश्न. आईचा कर्करोग वारेतून बाळापर्यंत पोचणं ही इतकी विरळा गोष्ट आहे की जगभरात त्याची मोजकीच उदाहरणं नोंदलेली आहेत. तरी वार तपासायला पाठवतात, खात्रीसाठी. किमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, हे मात्र खरं. इथं एखादीचा बांध फुटतो. केस गेलेले सोसतात, ऑपरेशन सोसतात, दूध आटवायची गोळी सोसत नाही. अशा वेळी तिला "बाळ तर मिळालं ना?" असं म्हणणाऱ्यांना खोलीबाहेर बसवावं.

या दुखण्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते एक. रिपोर्ट आधी बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला, दिराला, सासऱ्याला सांगितला जातो आणि ज्या बाईचं पोट आहे तिला सगळ्यात शेवटी, तेही अर्धवट. "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू." तिला धक्का बसू नये म्हणून. पण तिला दिवसाला हजार विड्या वळायच्या असतात, पहिलं मूल शाळेत सोडायचं असतं, तिला कळायला नको का की आपण पुढच्या आठवड्यापासून काय सोडायचं आणि काय धरायचं? रात्री कळ आली तर ती कशाची, हे जिला माहीतच नाही ती उठून सांगणार तरी काय! सासूला सरसकट खलनायिका करायची मात्र गरज नाही. मी अशा सासवा पाहिल्यात ज्यांनी मुलाचं न ऐकता सुनेचा हात धरून सिव्हिलच्या पायऱ्या चढल्या.

बोलल्यानं काय होतं याचा पुरावा बाहेर शोधायला जायला नको, आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरहून सत्तरेक किलोमीटरवर बार्शी. तिथं डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागासाठी कर्करोगाचं रुग्णालय उभं केलं. १९८१ मध्ये कर्करोगानं गेलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचं नाव त्याला दिलं. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. कार्यकर्ते गावोगाव जायचे, पाराजवळ, देवळात माणसं जमवायचे, कोणती लक्षणं दिसली तर दवाखान्यात यायचं ते सांगायचे आणि रुग्णांची नोंद करायचे. तेव्हा घरोघर कसली तपासणी मोहीम नव्हती, नुसतं सांगणं. तरीही काही वर्षांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या. हे त्यांनी १९९५ मध्ये शोधनिबंधात मांडलं. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा रुग्णालय, बार्शी आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या आपल्याच भागातल्या बायकांनी जगाच्या वैद्यकशास्त्राला हे उत्तर दिलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

पण इथं एक घोटाळा होतो, तो सांगायलाच हवा. बायकांना वाटतं, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली म्हणजे 'खालचं सगळं' तपासलं गेलं. त्या तपासणीत अंडाशय कळत नाही. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अशी सरसकट करण्यासारखी खात्रीची तपासणी अजून सापडलेली नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांना वर्षानुवर्षं तपासून पाहिलं, आणि त्यानं मृत्यू कमी होत नाहीत असं २०२१ मध्ये जाहीर झालं. आता याच्या शेजारी आपल्याकडची एक जुनी गोष्ट ठेवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ च्या लॅन्सेटमध्ये ते आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ. परिस्थिती आता पुष्कळ सुधारली आहे, तरी एरवी कधीच पोट न दाखवणारी आपली बाई गरोदरपणात मात्र दवाखान्यात जाते. का, तर बाळासाठी. जातेच आहे तर त्याच खेपेत तिचंही अंडाशय बघून होतं.

पैशाचं विचारतात. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कर्करोगाची ऑपरेशनं आणि किमोथेरपी त्यात बसते. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जायचं. नावात फरक असेल, लग्नाआधीचं नाव असेल, तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. गाठीचं संकट आल्यावर तहसील कचेरीत रांग लावायला वेळ नसतो. जायचं मात्र अशा ठिकाणी, जिथं बाळंतपणाचे, कर्करोगाचे आणि लहान मुलांचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. सोलापुरात १९६३ पासूनचं डॉ. वैशंपायन यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं आपलं सिव्हिल आहे, बार्शी आहे, आणि फारच गुंतागुंतीचं असलं तर परळचं टाटा आहेच.

ऑपरेशननंतर बाहेर काढलेल्या गाठीची तपासणी होऊन जो कागद मिळतो, तो सोन्यासारखा जपायचा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो लागतो, आणि त्या बाईच्या बहिणीला, मुलीलाही उद्या लागू शकतो, कारण यातले काही कर्करोग घराण्यात चालत येतात. आई, मावशी, आत्या यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का, हे डॉक्टर विचारतात तेव्हा "नाही" म्हणायच्या आधी एकदा माहेरी फोन करून विचारावं. आपल्याकडे अशा बायका "पोटाच्या दुखण्यानं गेल्या" एवढंच सांगितलेलं असतं.

बाळंतपणाला मुलगी माहेरी गेली की दवाखाना बदलतो, गाव बदलतं, फाइल सासरी राहते. बारशाच्या गडबडीत सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख निघून जाते. म्हणून ओटीत घातलेल्या नारळाबरोबर ती फाइलही पिशवीत आहे ना, हे गाडी सुटायच्या आधी एकदा बघून घ्या.